मार्टिन ल्यूथर किंग यांची वचने : कोठे, कोणाला आणि कशासाठी

‘कोठेही होणारा अन्याय हा सगळीकडच्या न्यायाला धोका असतो’, ‘अंधाराने अंधार हटत नाही, तो प्रकाशानेच हटतो’, ‘माझे एक स्वप्न आहे’ ही मार्टिन ल्यूथर किंग यांची वाक्ये शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यापासून सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांपर्यंत सगळीकडे भेटतात. ती सुंदर आहेत यात शंका नाही. मात्र ज्या दिवशी आणि ज्या प्रसंगी ती उच्चारली गेली त्यापासून ती तोडली, की त्यांचा अर्थ ‘सर्वांशी चांगले वागावे’ एवढाच उरतो. मग असे बोलणाऱ्या माणसाला वारंवार तुरुंगात का टाकले गेले, त्याच्या घरावर बॉम्ब का फेकला गेला आणि वयाच्या ३९व्या वर्षी त्याला गोळी का घालण्यात आली, हे काही केल्या उमगत नाही.

किंग यांच्या बहुतेक गाजलेल्या वाक्यांमागे एक ठोस मागणी होती आणि ती नाकारणारे कोणीतरी समोर होते. बसमधली जागा, दुकानातली नोकरी, मतदारयादीतले नाव, कचरा उचलणाऱ्याची मजुरी अशा त्या मागण्या होत्या. म्हणून ही वाक्ये आपापल्या जागी परत ठेवून वाचली पाहिजेत, आणि त्यासाठी आधी ज्या व्यवस्थेशी किंग लढले तिची घडण समजून घेतली पाहिजे.

कायद्याने केलेली विभागणी

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये घटनादुरुस्ती करून संपवण्यात आली, आणि पुढच्या पाच वर्षांत कृष्णवर्णीयांना नागरिकत्व व पुरुषांना मताधिकारही मिळाला. परंतु एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांनी हे हक्क एकेक करून पोकळ करून टाकले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि त्या आधारावर शाळा, रेल्वेचे डबे, दवाखाने, उपाहारगृहे, पाण्याचे नळ, सारे काही वेगळे झाले. समान मात्र त्यातले काहीच नव्हते. मतदानाच्या वाटेत मतदान-कर आणि साक्षरता चाचणी हे दोन अडसर घालण्यात आले; चाचणीत काय विचारायचे आणि कोणाला उत्तीर्ण करायचे हे गोरा अधिकारी ठरवत असे, त्यामुळे पदवीधर कृष्णवर्णीय शिक्षकही तीत नापास होऊ शकत असे. या सगळ्याच्या मागे झुंडीने ठार मारण्याची दहशत उभी होती. पाणवठ्यावरची विभागणी आपल्याकडच्या वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की तेथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती राज्यांच्या लिखित कायद्यांत नमूद होती.

अशा समाजात आंदोलनाचे नेतृत्व पाद्र्यांकडे का आले, हे समजले की किंग यांच्या आयुष्याचा अर्धा उलगडा होतो. कृष्णवर्णीय शिक्षक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली होता, मोलकरीण गोऱ्या मालकिणीवर अवलंबून होती, शेतमजूर गोऱ्या जमीनदाराच्या कर्जात होता. यांपैकी कोणीही तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जात असे. चर्च ही मात्र कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मालकीची संस्था होती आणि तिच्या पाळकाचा पगार त्याच्या मंडळीतल्या लोकांच्या वर्गणीतून येत असे. त्यामुळे त्याला कामावरून काढण्याची ताकद गावातल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांकडे नव्हती. शिवाय सभेला जागा, पैसा जमवण्याची सवय, गाणारा समुदाय आणि दर रविवारी एकत्र येणारे शेकडो लोक हे सारे तेथे आयतेच होते. तेथली उपदेशाची रीतही वेगळी होती. कीर्तनकाराने ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, तसे पाळकाच्या प्रत्येक वाक्याला मंडळी मोठ्याने दाद देत आणि त्या दादेच्या लयीवर पुढचे वाक्य घडत जाई. किंग यांची भाषणे कागदावर वाचताना एकच शब्दसमूह पुन्हा पुन्हा का येतो असे वाटते, त्याचे कारण हे आहे.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात झाला. वडील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते आणि त्यांच्या आधी आईचे वडील त्याच चर्चचे पाळक होते. वयाच्या १५व्या वर्षी ते मोरहाउस कॉलेजात दाखल झाले, १९४८ मध्ये समाजशास्त्रात पदवी घेतली, मग पेनसिल्व्हेनियातल्या क्रोझर धर्मशिक्षण संस्थेत शिकले आणि १९५५ मध्ये बोस्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थीदशेत फिलाडेल्फियात त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन यांचे प्रवचन ऐकले. जॉन्सन नुकतेच भारतातून परतले होते आणि गांधींविषयी बोलत होते. ते ऐकून किंग यांनी लगेच गांधींच्या जीवनावरची पाच-सहा पुस्तके विकत घेतली. येशूच्या शिकवणीतून प्रेरणा मिळाली आणि गांधींकडून पद्धत मिळाली, असे ते पुढे सांगत. १९५३ मध्ये कोरेटा स्कॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९५४ मध्ये अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरातल्या एका चर्चचे पाळकपद त्यांनी स्वीकारले.

माँटगोमेरीतले ३८१ दिवस

माँटगोमेरीच्या बसमध्ये पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत, त्या रिकाम्या असल्या तरी. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून भाडे द्यायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि मागच्या दाराने आत शिरायचे, असाही प्रघात होता, आणि कित्येकदा तो मागच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच चालक बस सोडून देई. गोऱ्यांच्या जागा भरल्या की मधल्या रांगेतल्या कृष्णवर्णीयांना उठवले जाई. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी उठायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विन या मुलीने हेच केले होते, हे फारसे सांगितले जात नाही. बहिष्काराची हाकही किंग यांनी दिलेली नव्हती. जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने अटकेच्याच रात्री कॉलेजातल्या यंत्रावर हजारो पत्रके छापून शहरभर पोहोचवली. आंदोलनासाठी समिती स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष म्हणून २६ वर्षांचे किंग निवडले गेले. ते गावात नवे असल्यामुळे कोणत्याच गटाशी त्यांचे वैर नव्हते, हेही त्यामागचे एक कारण होते.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये त्यांनी केलेल्या भाषणातून त्यांचे पहिले प्रसिद्ध वचन आले : ‘अत्याचाराच्या पोलादी पावलांखाली तुडवले जाण्याचा माणसांना कधीतरी कंटाळा येतोच.’ त्याच भाषणात ते म्हणाले की आपण चुकत असू तर या देशाचे सर्वोच्च न्यायालय चुकते आहे (त्या न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांमधली विभागणी घटनाबाह्य ठरवली होती), आपण चुकत असू तर या देशाची राज्यघटना चुकते आहे. इतके तेजस्वी बोलणाऱ्या आंदोलनाची पहिली मागणी काय होती ते पाहण्यासारखे आहे. चालकांनी सभ्यपणे वागावे, कृष्णवर्णीयांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून जागा भरत याव्यात पण बसलेल्याला उठवू नये, आणि कृष्णवर्णीय वस्तीतल्या मार्गांवर काही कृष्णवर्णीय चालक नेमावेत, एवढेच त्यांनी मागितले. विभागणी रद्द करा असेही सुरुवातीला म्हटलेले नव्हते. तेवढेही नाकारले गेले म्हणून मागणी वाढत गेली.

बसचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते, त्यामुळे त्यांनी बस सोडताच कंपनीचे उत्पन्न कोसळले. परंतु हजारो माणसांना रोज कामावर न्यायचे कसे? आधी कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसइतक्याच, म्हणजे १० सेंट भाड्यात लोकांना नेले. शहराने किमान भाड्याचा नियम पुढे करून ते बंद पाडले. मग सुमारे ३०० खाजगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली, थांबे ठरले, वेळापत्रक झाले, काही गाड्या चर्चच्या नावाने घेतल्या गेल्या. तेव्हा गाड्यांचे विमे रद्द होऊ लागले आणि अखेर लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. या तपशिलांवर मी मुद्दाम रेंगाळतो आहे, कारण अहिंसक आंदोलन म्हणजे मनाचा मोठेपणा एवढीच आपली समजूत असते. विमा, पेट्रोल, थांबे आणि चालकांच्या पाळ्या यांची वर्षभर न थकता आखणी करण्याची शिस्त त्यात असते, आणि माँटगोमेरीत ती प्रामुख्याने स्त्रियांनी पेलली.

२७ जानेवारी १९५६ च्या मध्यरात्री किंग यांच्या घरी धमकीचा फोन आला. झोप उडाली, ते स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसले आणि आपण आता खचलो आहोत, अशी कबुली त्यांनी प्रार्थनेत दिली. न्यायासाठी उभा राहा, असा आतला आवाज त्या क्षणी ऐकू आल्याचे त्यांनी पुढे लिहिले आहे. तीन दिवसांनी घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. आत कोरेटा आणि तान्ही मुलगी होती; दोघी वाचल्या. बाहेर जमलेल्या संतप्त लोकांपैकी काहींकडे शस्त्रे होती. त्या मोडक्या ओसरीवर उभे राहून किंग यांनी शस्त्रे घरी नेऊन ठेवायला सांगितले आणि ‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ हे बायबलातले वचन उच्चारले. द्वेषाने द्वेष हटत नाही, हे त्यांचे वाक्य वाचताना हा प्रसंग आठवावा. त्या रात्री एक गोळी सुटली असती तर पोलिसांना हवे ते निमित्त मिळाले असते आणि बहिष्कार दोन दिवसांत मोडला असता. म्हणजे त्या वचनात श्रद्धा होती तशीच परिस्थितीची नेमकी जाणही होती.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. निकाल लागला तो क्लॉडेट कॉल्विनसह चार स्त्रियांनी केंद्रीय न्यायालयात लढवलेल्या खटल्यामुळे. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधली विभागणी घटनाबाह्य ठरवणारा निर्णय कायम केला. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयात मोटार-व्यवस्थेवर बंदी घालण्याची सुनावणी चालू होती आणि ही बातमी किंग यांना तेथेच मिळाली. रस्त्यावरचा दबाव आणि न्यायालयातला युक्तिवाद या दोन्हींची जोड येथे पहिल्यांदा ठळकपणे दिसते.

मणिभवन आणि त्रिवेंद्रम

१९५९ च्या फेब्रुवारीत किंग पती-पत्नी भारतात आले. ‘इतर देशांत मी पर्यटक म्हणून जाईन, भारतात मात्र यात्रेकरू म्हणून आलो आहे,’ हे वाक्य त्या वेळचे. मुंबईत ते मणिभवनात राहिले, पदपथांवर झोपणारी माणसे पाहून व्यथित झाले, आणि पदयात्रेत असलेल्या विनोबा भावे यांनाही भेटले. त्रिवेंद्रमला एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेले एक अस्पृश्य बंधू अशी करून दिली. क्षणभर त्यांना धक्का बसला. मग आपल्या देशातल्या वस्त्या आणि शाळा डोळ्यांपुढे आल्या आणि, होय, मी अस्पृश्य आहे, अमेरिकेतला प्रत्येक कृष्णवर्णीय अस्पृश्य आहे, असे त्यांनी स्वतःशी कबूल केले. ही आठवण त्यांनी १९६५ मध्ये आपल्या मंडळीला सांगितली. महाविद्यालयीन प्रवेशातल्या राखीव जागांविषयी त्यांच्या सहप्रवाशाने नेहरूंना, हाही भेदभाव नव्हे काय, असे विचारले तेव्हा, असेलही, पण शतकानुशतकांच्या अन्यायाचे हे आमचे प्रायश्चित्त आहे, असे उत्तर मिळाले. तेही किंग यांनी नोंदवून ठेवले आणि आपल्या देशात तसेच काही व्हावे, अशी मांडणी पुढे केली.

मराठी वाचकाला येथे एक उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही. किंग यांनी भारतातल्या अस्पृश्यतेकडे मुख्यतः गांधी आणि नेहरूंच्या नजरेतून पाहिले. ज्यांनी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ज्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा तयार केला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे माँटगोमेरीचा बहिष्कार संपण्याच्या पंधरवडाभर आधी निवर्तले होते. बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा अभ्यास केला होता आणि १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला होता. किंग आणि बाबासाहेब यांची भेट झाली असती तर हृदयपरिवर्तनावर किती विसंबावे, या प्रश्नावर दोघांत कडाडून चर्चा झाली असती, असे मला वाटते.

बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून

१९६१-६२ मध्ये जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरातले आंदोलन फसले. मागण्या फार पसरट होत्या आणि तेथल्या पोलीसप्रमुखाने कोणालाही न मारता, शांतपणे शेकडोंना अटक करून तुरुंग भरले. त्यामुळे देशाचे लक्ष तिकडे वळलेच नाही. यातून धडा घेऊन १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमसाठी मागण्या नेमक्या ठरवल्या गेल्या. शहरातल्या मोठ्या दुकानांनी आपल्या उपाहार-टेबलांवर आणि कपडे घालून पाहण्याच्या खोल्यांत सर्वांना प्रवेश द्यावा आणि कृष्णवर्णीयांना विक्रेते म्हणून नेमावे. ईस्टरच्या खरेदीचा हंगाम निवडला गेला, कारण तेव्हाचा बहिष्कार दुकानदारांना सर्वाधिक बोचणार होता.

१२ एप्रिल, गुड फ्रायडेच्या दिवशी, न्यायालयाची मनाई मोडून मोर्चा काढल्याबद्दल किंग यांना अटक झाली. त्याच सुमारास आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वृत्तपत्रात निवेदन दिले की ही निदर्शने अविचारी आणि अवेळी आहेत आणि त्यात बाहेरच्यांचा हात आहे. किंग यांनी त्याच वृत्तपत्राच्या समासात आणि मिळतील त्या कपट्यांवर उत्तर लिहायला सुरुवात केली, आणि वकिलांमार्फत ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेले. ‘कोठेही होणारा अन्याय हा सगळीकडच्या न्यायाला धोका असतो’ हे वाक्य या पत्रातले आहे, आणि ते ‘तुम्ही बाहेरचे, तुमचा येथे काय संबंध’ या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. आपण सारे परस्परसंबंधांच्या एकाच जाळ्यात विणले गेलो आहोत, तेव्हा या देशात राहणारा कोणीही या देशात बाहेरचा ठरू शकत नाही, असे ते पुढे म्हणतात.

अहिंसक प्रतिकार प्रत्यक्षात कसा करायचा, हे याच पत्रात सर्वांत स्वच्छपणे सांगितले आहे. आधी अन्याय खरोखर होतो आहे की नाही याचे पुरावे गोळा करायचे, मग वाटाघाटी करायच्या, त्या फसल्या तर स्वतःची तयारी करायची, म्हणजे मार खाऊनही हात न उचलण्याचा आणि तुरुंगात जाण्याचा सराव करायचा, आणि त्यानंतरच प्रत्यक्ष कृतीला उतरायचे. या कृतीने तणाव निर्माण होतो हा आक्षेप किंग नाकारत नाहीत. तणाव निर्माण व्हावा हाच हेतू असल्याचे ते उघड सांगतात. अन्याय शांततेत चालू असतो तेव्हा त्याच्याशी बोलणी करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ती गरज निर्माण करणे हे आंदोलनाचे काम असते.

‘थांबा’ या सल्ल्यावरचा परिच्छेद तर कोणीही मन घट्ट करूनच वाचावा. थांबा हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि त्याचा अर्थ जवळजवळ नेहमीच ‘कधीच नाही’ असा निघाला आहे, असे म्हणून किंग एकामागून एक प्रसंग मांडत जातात. त्यात टीव्हीवर जाहिरात पाहून बागेत नेण्याचा हट्ट धरणारी त्यांची सहा वर्षांची मुलगी आहे. ती बाग आपल्या रंगाच्या मुलांसाठी बंद आहे हे तिला कसे सांगायचे, असे ते त्या धर्मगुरूंना विचारतात. उघड द्वेष करणाऱ्यांपेक्षा ‘तुमचे म्हणणे पटते, पण पद्धत पटत नाही’ असे म्हणणाऱ्या सज्जन मवाळांनी आपली अधिक निराशा केली, असेही या पत्रात आहे. आपण एरवी जी वाक्ये फळ्यावर लिहितो त्यांत हे वाक्य क्वचितच असते, कारण ते वाचणाऱ्याकडेच बोट दाखवते.

तुरुंगात जायला प्रौढ माणसे कमी पडू लागली तेव्हा २ मेपासून शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारले गेले, पोलिसांचे कुत्रे सोडले गेले आणि ती छायाचित्रे जगभर छापली गेली. मुलांना पुढे करण्यावर तेव्हाही टीका झाली आणि मला ती अगदीच निराधार वाटत नाही; परंतु १० मे रोजी व्यापाऱ्यांशी समझोता झाला आणि जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरी हक्कांचा कायदा आणण्याची घोषणा केली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली ठार झाल्या.

न वटलेला धनादेश

२८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या मोर्चाचे पूर्ण नाव ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी मोर्चा’ असे होते. सुमारे अडीच लाख लोक आले होते आणि ताशी किमान दोन डॉलर वेतन ही त्यांची एक मागणी होती. किंग यांच्या भाषणाचा पूर्वार्ध हिशेबाचा होता. अमेरिकेने कृष्णवर्णीयांना एक धनादेश दिला, तो ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा मारून परत आला, परंतु न्यायाच्या बँकेचे दिवाळे निघाले आहे यावर आमचा विश्वास नाही, आणि म्हणून तो वटवण्यासाठी आम्ही येथे आलो आहोत, असे ते म्हणाले. भाषण संपत आले तेव्हा जवळच बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी ‘स्वप्नाविषयी सांगा’ असे ओरडून म्हटले, आणि किंग यांनी हातातला मजकूर सोडून दिला. ती ओळ त्यांनी आधी इतर ठिकाणी वापरली होती; त्या दिवशी ती साऱ्या देशाने ऐकली. आपली चार मुले त्वचेच्या रंगावरून नव्हे तर चारित्र्यावरून पारखली जातील, हे स्वप्न आज सर्वांना पाठ आहे. धनादेश मात्र बहुतेकांच्या स्मरणात नाही.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या ३५व्या वर्षी, किंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाची सुमारे ५४ हजार डॉलरची रक्कम त्यांनी चळवळीला दिली. मताधिकाराचा प्रश्न तरीही शिल्लक होता. अलाबामातल्या सेल्मा शहरात त्यांनी १९६५ च्या फेब्रुवारीत तुरुंगातून लिहिलेले एक वाक्य मला त्यांच्या कित्येक अलंकारिक वाक्यांपेक्षा अधिक प्रभावी वाटते : ‘हे सेल्मा आहे. येथे मतदारयादीत जितके कृष्णवर्णीय आहेत त्याहून अधिक माझ्यासोबत तुरुंगात आहेत.’ ७ मार्च रोजी एडमंड पेटस पुलावर शांत मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. २१ ते २५ मार्चला सेल्मा ते माँटगोमेरी हे ५४ मैलांचे अंतर चालून लोक राज्याच्या विधानभवनापुढे पोहोचले. ‘नैतिक विश्वाची कमान लांब आहे, पण ती न्यायाकडे झुकते’ हे किंग तेथे म्हणाले.

ही प्रतिमा मुळात थिओडोर पार्कर या एकोणिसाव्या शतकातल्या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाची. पाळकांच्या परंपरेत जुन्यांचे शब्द नव्याने वापरणे रूढ होते; मात्र विद्यापीठात ते चालत नाही, आणि किंग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात इतरांचा मजकूर श्रेय न देता घेतल्याचे बोस्टन विद्यापीठाच्या समितीने १९९१ मध्ये मान्य केले, पदवी मात्र कायम ठेवली. उलट त्यांनी न उच्चारलेली वाक्येही त्यांच्या नावावर फिरतात : मे २०११ मध्ये ‘शत्रूच्या मृत्यूचाही मी आनंद मानणार नाही’ असे एक वाक्य जगभर पसरले, ते त्यांचे नव्हते, कोणीतरी आपले वाक्य लिहून पुढे त्यांचे ‘अंधाराने अंधार हटत नाही’ हे अवतरण जोडले होते आणि फिरता फिरता दोन्ही एक झाले. कमानीचे वाक्य कोणाचेही असो, ते ऐकून कमान आपोआप झुकेल असे समजू नये. त्या मोर्चाच्या आधी आणि नंतर त्या आंदोलनात माणसे मारली गेली होती, आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला तो त्यांनी चालून, मार खाऊन घडवून आणला म्हणून झाला.

लोकप्रियता ओसरल्यानंतर

१९६६ मध्ये किंग शिकागोच्या गरीब वस्तीत राहायला गेले आणि घरभाड्यातला भेदभाव, कोंदट खुराडी, गोऱ्या वस्त्यांत घर नाकारणे यांविरुद्ध लढले. तेथे ऑगस्टमध्ये मोर्चात त्यांना दगड लागला. त्याच वर्षीच्या गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याविषयीचे मत प्रतिकूल होते. एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा त्यांचे फोन ऐकत होती आणि आत्महत्या सुचवणारे एक निनावी पत्रही तिने त्यांना पाठवले होते. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. समाजाच्या उद्धारापेक्षा लष्करावर वर्षानुवर्षे अधिक खर्च करणारे राष्ट्र आत्मिक मृत्यूच्या जवळ चालले आहे, असे ते म्हणाले. बड्या वृत्तपत्रांनी आणि चळवळीतल्या जुन्या सहकाऱ्यांनीही त्यांना दोष दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटात ते म्हणाले की प्रेमाविना सत्ता बेफाम आणि जुलमी असते, आणि सत्तेविना प्रेम भावविवश आणि दुबळे असते. प्रेमाविषयीची त्यांची सारी वचने या एका वाक्याच्या शेजारी ठेवून वाचावीत.

टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस पडत होता. इकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आसऱ्याला उभे राहिले आणि कचरा दाबणारे यंत्र अचानक चालू होऊन चिरडले गेले. अकरा दिवसांनी सुमारे १३०० कामगार संपावर गेले. पूर्ण वेळ राबूनही त्यांच्यातल्या कित्येकांना सरकारी मदतीवर जगावे लागत होते. ‘मी माणूस आहे’ एवढाच मजकूर त्यांच्या फलकांवर होता. १८ मार्चला किंग त्यांच्यापुढे म्हणाले की कचरा उचलणारा माणूस डॉक्टरइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याने काम केले नाही तर रोगराई पसरेल. रस्ता झाडणाऱ्याने मायकेलअँजेलो चित्र काढी तसा रस्ता झाडावा, हे किंग यांचे वचन आपल्याकडे कामचुकारांना ऐकवले जाते. ज्याने ते सांगितले त्याने झाडणाऱ्याच्या मजुरीसाठी जीव दिला, हेही त्यासोबत सांगायला हवे. १८ मार्चच्याच भाषणात त्यांनी विचारले की हॅम्बर्गर विकत घेण्याइतकी मजुरी मिळत नसेल तर उपाहारगृहात बसण्याचा हक्क मिळून काय उपयोग?

३ एप्रिलच्या रात्री वादळ चालू असताना त्यांनी अखेरचे भाषण केले. बायबलातल्या मोशेप्रमाणे मी डोंगरमाथ्यावर जाऊन वचनदत्त देश पाहिला आहे, कदाचित मी तुमच्याबरोबर तेथे पोहोचणार नाही, हा त्याचा शेवट सर्वांना माहीत आहे. पण त्याच भाषणात त्यांनी कोकाकोला, ठरावीक कंपनीचे दूध आणि पाव विकत घेऊ नका आणि आपल्या ठेवी शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या बँकेत ठेवा, असे नावे घेऊन सांगितले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून एक मिनिटाने लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली.

११ एप्रिल १९६८ रोजी घर देण्या-घेण्यातल्या भेदभावाला बंदी घालणारा, म्हणजे शिकागोत त्यांनी मागितलेला कायदा झाला. १६ एप्रिलला मेम्फिसच्या नगरपालिकेने कामगारांच्या संघटनेला मान्यता देऊन पगारवाढ दिली. त्यांनी आखलेल्या ‘गरिबांच्या मोहिमे’तले लोक मेमध्ये वॉशिंग्टनला जाऊन झोपड्या बांधून राहिले; २४ जूनला पोलिसांनी तो तळ उठवला, आणि प्रत्येक कुटुंबाला किमान उत्पन्नाची हमी द्यावी ही किंग यांची मागणी मंजूर झाली नाही. १९८३ मध्ये त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी जाहीर झाली. १९६३ च्या मोर्चात मागितलेले ताशी दोन डॉलर आजच्या किमतीत वीस डॉलरच्या आसपास होतात. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ मध्ये ताशी ७.२५ डॉलर ठरले आणि त्यानंतर ते वाढलेले नाही.